कमरेखालचे विनोद असलेला खेळाचा सिनेमा अकरा ते चौदाच्या मुलांना दाखवावा का?

मैदानाकाठी

मुलाच्या फुटबॉल संघाचा हंगाम पंधरा दिवसांत संपतोय. सोळा मुलं आहेत. सगळ्यात धाकटा अकराचा, सगळ्यात मोठा नुकताच चौदा पूर्ण झालेला. शेवटच्या सामन्यानंतर एकत्र बसून सिनेमा बघायचा असं मुलांनीच ठरवलं आणि सिनेमाही त्यांनीच निवडला. प्रोजेक्टर आमच्याकडे आहे, त्यामुळे "तूच आधी बघ आणि तूच ठरव" असं म्हणून बाकीच्या पालकांनी निर्णय माझ्यावर सोपवलाय.

नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या एका सिनेमापाशी अडकेल. इंग्रजी आहे, विनोदी आहे. सतत हरणारा संघ, दारूत बुडालेला कोच, शेवटी बलाढ्य संघाशी गाठ. कथा ओळखीची. पण वाटेत शिव्या, अवयवांवरचे विनोद, ड्रेसिंग रूममधली उघडी अंगं आणि हॉटेलच्या खोलीतला एक प्रसंग आहे, एवढं वाचून कळलंय. अमेरिकेत त्याला 'आर' (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसासोबतच प्रवेश) मिळालंय, ॲपवर 'यूए १६+' दिसतं.

पालकांच्या ग्रुपवर तीन तट पडलेत. काही जण म्हणतात, अजिबात नको. काही म्हणतात, मोबाइलवर याहून वाईट बघतात. आणि बरेचसे गप्प आहेत. मुलगा म्हणतो, "आई, त्यातल्या क्लिपा सगळ्यांनी आधीच बघितल्यात." ते खरंच असणार.

मला नुसतं हो किंवा नाही नकोय. घरी असं काही ठरवायची वेळ येते तेव्हा तुम्ही नेमकं काय बघता?

अर्धविराम

दाखवा. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याच्यासोबत मी असे दोन-तीन सिनेमे पाहिलेत. शिव्या ही मुलं मैदानावर दर आठवड्याला ऐकतात, कित्येकदा पालकांच्या बाजूनंच. शरीराबद्दलचे विनोद तर या वयात त्यांचे स्वतःचेच चाललेले असतात. आपण डोळे झाकले म्हणून त्यांचं वय थांबत नाही.

आणि प्रमाणपत्राला इतकं महत्त्व देऊ नका. १९७६ चा 'द बॅड न्यूज बेअर्स' आठवा. लहान मुलांचा बेसबॉल संघ, मुलंच तोंडानं वाट्टेल ते बोलतात, कोच मैदानाकडेच्या बाकावर बिअर पीत बसलेला असतो. त्याला 'पीजी' होतं, म्हणजे पालकांच्या सल्ल्यानं मुलांनीही बघावं असं! तो पाहून वाढलेली पिढी काही बिघडली नाही.

कुंपण

१६+ लिहिलंय, मुलं अकराची आहेत. पाच वर्षांचं अंतर आहे. माझ्यासाठी चर्चा इथेच संपते.

दूरदेशी

अर्धविराम, ते उदाहरण थोडं फसवं आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत 'पीजी' आणि 'आर' यांच्या मधे काहीच नव्हतं. तेराखालच्या मुलांबाबत पालकांना जास्त सावध करणारं 'पीजी-१३' आलं १९८४ मध्ये. त्याआधी मधला सगळा माल एकतर खाली ढकलायचा किंवा वर. म्हणून जुन्या 'पीजी' सिनेमात आज दचकायला होईल असं बरंच सापडतं. त्याच सिनेमाची २००५ मध्ये नवी आवृत्ती आली, तिला 'पीजी-१३' मिळालं.

इथे अमेरिकेत राहून मुलं वाढवताना ही पद्धत मी बरीच जवळून पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथलं रेटिंग कायद्यानं येत नाही. १९६८ पासून चित्रपट उद्योगानंच चालवलेली ही ऐच्छिक व्यवस्था आहे. रेटिंग देणारे लोक पालक असतात, मंडळावर येताना त्यांचं मूल पाच ते पंधरा वर्षांचं असावं लागतं. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच. पण त्यांना काही ठरलेल्या रेषा पाळाव्या लागतात आणि त्यातली सगळ्यांना माहीत असलेली रेष एका शिवीची आहे. 'फ'ची शिवी एकदा, नुसती चिडून आली तर 'पीजी-१३' मिळू शकतं. एकाहून जास्त वेळा आली की साधारण 'आर'. आणि तीच शिवी लैंगिक अर्थानं आली तर एकदासुद्धा 'आर'.

याचा परिणाम असा होतो की एखादा सभ्य, प्रेमळ सिनेमा केवळ चार-पाच शिव्यांमुळे 'आर' होतो आणि दुसरा, ज्यात दीड तास एका जाड माणसाची टिंगल चालते, तो 'पीजी-१३' मध्ये आरामात बसतो. अक्षराखाली बारीक टाइपात जी ओळ असते ना, भाषा, लैंगिक आशय, नग्नता, अमली पदार्थ वगैरे, ती अक्षरापेक्षा जास्त कामाची. तरी तिच्यात टिंगल येतेच असं नाही.

आणखी एक. विनोदी सिनेमांची 'अनरेटेड' आवृत्ती बऱ्याचदा वेगळी निघते. थिएटरमध्ये नसलेले प्रसंग तिच्यात परत घातलेले असतात. वाचलेलं परीक्षण एका आवृत्तीचं आणि समोर लावलेला सिनेमा दुसऱ्या आवृत्तीचा, असं आमच्याकडे एकदा झालंय. एकूण लांबीची मिनिटं जुळवून बघा, लगेच कळतं.

कुंपण

माझा आधीचा प्रतिसाद फार तुटक झाला. कारण लिहितो.

भारतात १९८३ पासून 'यूए' म्हणजे बारा वर्षांखालच्यांनी पालकांच्या सल्ल्यानं बघावं, एवढंच होतं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनं त्याचे तीन टप्पे केले: ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांसाठी शिफारस म्हणून आहेत. थिएटरवाल्यानं मुलाला दारात अडवावं असं त्यातून होत नाही. 'ए' असेल तर अठराखालच्याला आत सोडताच येत नाही, ती गोष्ट वेगळी. ओटीटीवरचे आकडे तर कंपन्या स्वतःच लावतात, २०२१ च्या नियमांप्रमाणे. 'यूए १३+' आणि त्यावरच्या सगळ्याला पालकांसाठी कुलुपाची सोय द्यावी लागते.

म्हणजे १६+ या खुणेचा अर्थ असा की निर्णय पालकानं घ्यायचा. माझ्या मुलासाठी मी निर्णय घेऊ शकतो. मैदानाकाठी, तुम्ही मात्र पंधरा दुसऱ्या घरांच्या मुलांसाठी घेणार आहात. अर्धविराम स्वतःच्या मुलाशेजारी बसून बघतात, ते मला पटतं. पण ती मुभा दुसऱ्याच्या मुलाबाबत आपल्याला कोणी दिलेली नाही. जे पालक गप्प आहेत त्यांचं मौन म्हणजे होकार धरू नका.

पानगळ

कुंपण यांच्या दुसऱ्या प्रतिसादाला +१.

सहप्रवासी

ब्रिटनमधून. इथे 'आर'सारखी सवलत नाही. अमेरिकेत 'आर' सिनेमाला आई किंवा वडील सोबत असतील तर सहा वर्षांचं मूलही जाऊ शकतं. इथे '१५' असेल तर चौदा वर्षांच्या मुलाला आईवडील दोघं सोबत असले तरी थिएटरात प्रवेश नाही. '१२ए' २००२ मध्ये आलं, त्यात बाराखालचं मूल मोठ्या माणसासोबत जाऊ शकतं.

मला इथल्या सिनेमांना रेटिंग देणाऱ्या मंडळाच्या यादीतल्या दोन गोष्टी फार उपयोगी वाटतात. लैंगिक आशय, नग्नता, भाषा, हिंसा, अमली पदार्थ हे तर सगळीकडेच बघतात. पण इथे भेदभाव हा स्वतंत्र मुद्दा आहे. कुणाचा वर्ण, लिंग, अपंगत्व, लैंगिकता यावरून हिणवलं जातंय का, आणि सिनेमा त्याला नावं ठेवतो की खपवून घेतो. दुसरा मुद्दा धोकादायक वागण्याचा. मुलांना सहज नक्कल करता येईल असं काही गंमत म्हणून, सुरक्षित म्हणून दाखवलंय का?

खेळाच्या विनोदी सिनेमात हे दोन्ही भरभरून असतं. नव्या खेळाडूची 'रॅगिंग', ड्रेसिंग रूममधल्या खोड्या, प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम जायबंदी करणं, दुखापत लपवून खेळणं. मुलांना हॉटेलातला प्रसंग घरी करून बघता येत नाही. हे येतं.

शिट्टी

तेरा वर्षं लहान मुलांना खेळ शिकवतोय, म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही.

माझा एकच प्रश्न असतो: सोमवारी सरावाला यातलं काय येईल?

काहीतरी येतंच. मी ते दरवेळी पाहिलंय. एखादा सिनेमा किंवा रील मुलांमध्ये फिरलं की आठवड्याभरात ते मैदानावर उतरतं. पहिल्यांदा शब्द येतात. त्यांची मला फारशी काळजी नाही. शिट्टी वाजवून दोन फेऱ्या मारायला लावल्या की शब्द जातात, निदान माझ्यासमोरून तरी. मग टोपणनावं येतात. ती जात नाहीत. सिनेमातल्या जाड्या, बोबड्या किंवा भित्र्या पात्राचं नाव संघातल्या कुणाला तरी चिकटतं आणि वर्षानुवर्षं राहतं. माझ्याकडचा एक मुलगा आता नोकरीला लागलाय, अजूनही जुने मित्र त्याला त्याच नावानं हाक मारतात. मी ते नाव ऐकलं की मला आजही आत कुठेतरी टोचतं, कारण ते पहिल्यांदा पडलं तेव्हा मीही हसलो होतो.

सगळ्यात शेवटी येतात खोड्या. त्या मोठ्या माणसांच्या नजरेआड होतात, कपडे बदलायच्या खोलीत. तिथे कोच जात नाही, जाऊही नये. तिथे काय चाललंय हे बाहेर कळतं ते एखादं मूल यायचं बंद झालं की.

सिनेमा बघताना वही घेऊन बसा. शिव्या मोजू नका. कुणावर हसायला लावलंय ते लिहा, आणि ज्याच्यावर हसलेत त्याचं पुढे काय होतं ते लिहा.

अर्धविराम

शिट्टी, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण मग विनोदी सिनेमाच नको म्हणायचं का? विनोदात कुणीतरी पडतो, फजिती होते, म्हणून तर हसू येतं. हरणाऱ्या संघाच्या गोष्टीत सगळेच विचित्र असतात. एक जाड, एक घाबरट, एक बढाईखोर. आणि शेवटी तेच जिंकतात. टिंगल करणारे तोंडावर आपटतात. त्यातून मुलांना आपण कसेही असलो तरी चालतो, हेच कळतं की.

शिट्टी

जिथे तसं आहे तिथे मी स्वतः मुलांना घेऊन बसेन, चार शिव्या असल्या तरी. तुम्ही म्हणता तो फरकच महत्त्वाचा आहे. जाड मुलगा स्वतः विनोद करतोय, त्याला मित्र आहेत, त्याला काहीतरी हवंय, तो शेवटी गोल अडवतो, तर तो माणूस आहे. तो फक्त पडायला, खायला आणि चड्डी फाटायला असेल, तर तो फक्त वस्तू आहे. दोन्ही सिनेमे वरून सारखेच दिसतात. जिंकल्यावर दोन्हीकडे सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. शेवटच्या मिठीवरून ठरवू नका.

धुकं

मी एकोणीस वर्षांची आहे, पालक नाही. इथे सहसा फक्त वाचते.

बारा वर्षांची असताना आमच्या संघानं असाच एक सिनेमा एकत्र पाहिला होता. मुलांच्या संघात मी एकटी मुलगी होते. 'तसले' प्रसंग मला अर्धे कळलेही नाहीत. अवघडल्यासारखं झालं, मी पायाच्या बुटांकडे बघत राहिले, ते संपलं. पुढे कधी त्यांची आठवणही आली नाही.

आठवतं ते दुसरंच. सिनेमातला कोच खराब खेळणाऱ्याला "पोरीसारखा खेळतोस" म्हणायचा, आणि दरवेळी खोलीत हशा व्हायचा. सात-आठ वेळा तरी झालं असेल. सिनेमात बायका होत्या त्या एकतर कुणाच्या तरी बायको होत्या किंवा बारमध्ये नाचणाऱ्या. खेळणारी एकही नव्हती. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. कारण हसले नसते तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. पुढच्या आठवड्यापासून चुकीचा पास गेला की मुलं ते वाक्य म्हणायची, आणि मग माझ्याकडे बघून "तुला नाही हं" म्हणायची.

त्या वर्षानंतर मी फुटबॉल सोडला. त्या सिनेमामुळे सोडला असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच होती. पण मोठ्यांपैकी कुणीही नंतर मला एक शब्द विचारला नाही, कारण त्यांच्या लेखी 'अडचणीचा' प्रसंग त्यातला हॉटेलवाला होता, आणि तो त्यांनी फास्ट-फॉरवर्ड करून टाळला होता.

मैदानाकाठी

धुकं, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या संघात दोन मुली आहेत. मी धागा लिहिताना "सोळा मुलं" लिहिलं आणि त्या दोघींचा वेगळा विचार माझ्या मनातही आला नव्हता. लिहिलंस म्हणून मनापासून आभार.

सिनेमा आज रात्री एकटीनं बघते. वही घेऊन.

पानगळ

मैदानाकाठी, बघण्याआधी परीक्षणं वाचणार असाल तर एक सांगते. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावर पालकांसाठी जे पान असतं ते वापरणाऱ्यांनीच लिहिलेलं असतं. कुठल्या प्रसंगात काय दिसतं याची तपशीलवार नोंद मिळते, त्यासाठी ते चांगलं आहे. पण रकाने पाचच: लैंगिकता, हिंसा, शिव्या, दारू-अमली पदार्थ-धूम्रपान आणि भीतीदायक प्रसंग. धुकं आणि शिट्टी जे सांगतायत त्याला तिथे रकाना नाही. 'किड्स-इन-माइंड' हे संकेतस्थळ तीन आकडे देतं, लैंगिकता, हिंसा आणि भाषा, प्रत्येकी दहापैकी. तिथेही तेच. कॉमन सेन्स मीडियावर पात्रं कशी वागतात याबद्दल थोडं लिहिलेलं असतं, म्हणून मी आधी ते बघते.

मी शिक्षिका आहे. वर्गात काही दाखवायचं असेल तर आणखी एक गोष्ट मनात ठेवते: मुलाला उठून जाता येईल का? घरी अवघड प्रसंग आला की मूल पाणी प्यायला उठतं, मोबाइल घेतं, आईच्या कुशीत तोंड लपवतं. पंधरा मित्रांच्या घोळक्यात यातलं काहीच करता येत नाही. तिथे ते फक्त हसू शकतं. तोच सिनेमा घरी आईबाबांसोबत बघणं आणि संघासोबत बघणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अर्धविराम, तुमचा घरचा अनुभव चांगला आहे, पण तो इथे जसाच्या तसा लागू होईल असं मला वाटत नाही.

अर्धविराम

हे मान्य. घोळक्याचा विचार मी केला नव्हता.

मैदानाकाठी

पाहिला. रात्रीचे दीड वाजलेत, पण आत्ताच लिहिते.

शिव्या पहिल्या अर्ध्या तासात चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग सोडून दिल्या. शिट्टी म्हणाले होते मोजू नका, तरी हात थांबत नव्हता. हॉटेलचा प्रसंग दोन मिनिटांचा आहे. ज्याच्यावरून ग्रुपवर इतकं चाललंय त्यात चादरी आणि आरडाओरडा यापलीकडे फारसं काही नाही. तो एक बटण दाबून टाळता आला असता. काही विनोद खरंच चांगले आहेत, मी एकटी मोठ्यानं हसले. कोचचं काम करणारा नट तर फारच छान.

आणि मग तेविसाव्या मिनिटाला ड्रेसिंग रूम. संघातला सगळ्यात लहानखुरा मुलगा आंघोळ करून येतो. दोघं जण त्याचा टॉवेल ओढतात, तिसरा कपडे उचलून पळतो, चौथा दार उघडतो. बाहेर कॉरिडॉरमध्ये लोक. सगळा संघ हसून लोळतोय. एक क्षण, जेमतेम एक सेकंद, कॅमेरा त्या मुलाच्या चेहऱ्यावर थांबतो आणि लगेच हसणाऱ्यांकडे वळतो. मी तो सेकंद तीनदा मागे नेऊन पाहिला. पुढच्या सव्वा तासात त्या मुलाला एकही वाक्य नाही. शेवटी जिंकल्यावर सगळ्यांच्या मिठीत तोही असतो.

वहीत "कुणावर हसतात" खाली त्याचं नाव लिहिलं आणि "पुढे काय होतं" खाली लिहायला काही नव्हतं.

तिथेच मला आमचा गोलकीपर आठवला. संघातला सगळ्यात धाकटा, अकराचा. गेला महिनाभर तो घरूनच किट घालून येतो, वर ट्रॅकसूट. सराव संपला की तसाच जातो. मागच्या आठवड्यात पाऊस होता, सगळी मुलं कोरडे कपडे घालून बाहेर आली आणि हा चिखलानं माखलेला, दात वाजत असलेला, पिशवी छातीशी धरून फाटकापाशी उभा होता. पिशवीत कोरडे कपडे घडी घातलेले दिसत होते. मी म्हटलं, "अरे, बदलून ये ना." तो म्हणाला, "नको काकू, घर जवळच आहे." घर जवळ नाहीये. आणि मी हो म्हणून गाडीकडे गेले.

मुलगा जागाच होता. त्याला विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ते सिनेमातलं आहे, आई. त्या क्लिपमध्ये आहे. सगळे करतात. गंमत असते." मी विचारलं, "त्याला गंमत वाटली का?" तर भिंतीकडे वळून झोपला.

मी सिनेमा दाखवायचा की नाही हे विचारायला आले होते. तो तर महिन्यापूर्वीच येऊन गेलाय.

सहप्रवासी

वाचून पोटात खड्डा पडला.

शिट्टी

मैदानाकाठी, आता सिनेमा बाजूला ठेवा, तो दाखवायचा नाही हे तुम्हालाही कळलंय. पुढच्या गोष्टी क्रमानं करा.

उद्या सकाळी त्या मुलाच्या आईला फोन करा. मेसेज नको, फोन. तुम्ही काय पाहिलंत तेवढंच सांगा: ओले कपडे, पिशवी, महिनाभर न बदलणं. आणि तुमच्या मुलानं काय सांगितलं तेही. लपवू नका, नंतर दुसरीकडून कळलं तर फार वाईट होतं. त्या गोलकीपरवर प्रश्नांचा भडिमार करू नका असंही तिला सांगा.

मग कोचला भेटा. त्याला दोन गोष्टी करायला सांगा. खोलीत मोबाइल न्यायचा नाही, एकाचाही नाही. टॉवेल ओढणं वाईटच, पण कुणी ते चित्रित केलं असेल तर त्या मुलाला ते आयुष्यभर पुरेल. आणि कपडे बदलताना दोन मोठी माणसं दाराबाहेर, आतलं ऐकू येईल इतक्या अंतरावर. आत नाही, बाहेर. दोन, एक नाही.

सगळ्या संघासमोर त्या मुलाचं नाव घेऊन भाषण झालं तर तो उद्यापासून येणार नाही. कोचला हे दोनदा सांगा.

पानगळ

आणि तुमच्या मुलाबद्दल. तो भिंतीकडे वळला याचा अर्थ त्याला कळलंय. त्यानं स्वतः टॉवेल ओढला, की नुसता हसला, की मान खाली घालून बसला, हे आज विचारू नका. एकदोन दिवसांनी, चालता चालता, डोळ्याला डोळा न भिडवता विचारा. माझ्या अनुभवात मुलं गाडीत मागच्या सीटवरून सगळं सांगतात.

धुकं

त्या गोलकीपरबद्दल कोणीतरी विचारलं, एवढंच खूप आहे. खरंच.

कुंपण

बाकीच्या पालकांना काय कळवणार? नुसतं "रद्द केला" लिहिलंत तर पुन्हा तट पडतील आणि कुणीतरी घरी बोलावून दाखवेलच.

मैदानाकाठी

हे ग्रुपवर टाकायचं लिहिलंय. बघून सांगा:

"सिनेमा मी पूर्ण पाहिला. आपला वाद ज्या प्रसंगावरून होता तो दोन मिनिटांचा आहे आणि माझ्या मते तेवढ्यावरून नाही म्हणायची गरज नव्हती. मी नाही म्हणतेय ते दुसऱ्या कारणासाठी. तेविसाव्या मिनिटाला ड्रेसिंग रूममध्ये एका मुलाचे कपडे ओढून त्याला बाहेर ढकलतात आणि सिनेमा ते गंमत म्हणून दाखवतो. खराब खेळणाऱ्याला 'पोरीसारखा' म्हणणं पूर्ण सिनेमाभर आहे. आपल्या संघात अकरा वर्षांची मुलं आहेत आणि दोन मुली आहेत. घरी आपल्या मुलासोबत बघायचा की नाही हे प्रत्येकानं ठरवावं, बघितलात तर तो प्रसंग आला की थांबवून त्याच्याशी बोला. संघासाठी मी लावणार नाही. कपडे बदलायच्या खोलीबद्दल कोचशी बोलले आहे, ते सगळ्यांना कळवतील."

गोलकीपरचा उल्लेख कुठेही केलेला नाही.

कुंपण

चांगलं आहे. "माझ्या मते तेवढ्यावरून नाही म्हणायची गरज नव्हती" हे मला पटत नाही, पण राहू द्या. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय.

अर्धविराम

एक भर. "थांबवून बोला" ऐवजी "नंतर बोला" लिहा. मधे थांबवलं की मुलं कान बंद करतात, हे मी केलेलं आहे. सिनेमा संपल्यावर "त्या लहान मुलाचं पुढे काय झालं असेल रे?" एवढंच विचारलं तर बोलतात.

आणि आज रात्री मी आमच्याकडे पाहिलेल्या त्या दोन-तीन सिनेमांबद्दल मुलाशी बोलणार आहे. शिव्या आणि बाकीच्याची चर्चा आम्ही तेव्हा मोकळेपणानं केली होती, त्याचा मला अभिमान होता. त्यात कुणावर हसलो, हे मात्र आम्ही बोललोच नव्हतो.

मैदानाकाठी

बदललं. धन्यवाद.

चार दिवसांनी पुन्हा लिहितेय, बऱ्याच जणांनी विचारपूस केली म्हणून.

गोलकीपरच्या आईला फोन केला. तिला वाटत होतं तो आळशीपणा करतोय, रोज ओल्या कपड्यांवरून ओरडत होती. फोनवर खूप रडली. कोचनं आधी "पोरं आहेत, चालायचंच" म्हटलं. मग मी त्याला मोबाइलवर तो पन्नास सेकंदांचा तुकडा दाखवला आणि पावसातला प्रसंग सांगितला. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराबाहेर मोबाइल ठेवायला टोपली आली. दारावर उभं राहण्याची पालकांची पाळी लावली आहे. ग्रुपवर एका पालकानं मी फार ताणते असं लिहिलं. जे गप्प होते त्यांच्यापैकी तिघांनी मला वेगळा फोन केला. त्यातल्या एकीची मुलगी संघात आहे.

मुलगा काल गाडीत बोलला. कपडे घेऊन पळणारा तो होता. मी गाडी बाजूला घेतली. आम्ही बराच वेळ तिथेच बसलो होतो, ते सगळं इथे लिहीत नाही. त्याला गोलकीपरशी बोलायचंय, पण काय म्हणायचं ते कळत नाहीये. मी शब्द पढवले नाहीत.

सिनेमाऐवजी मुलं यंदाच्या आपल्याच सामन्यांचं चित्रीकरण बघणार आहेत. निवड त्यांनीच केली, तीही कुरकुरत.

आज सरावाला गोलकीपर आला. घरूनच किट घालून, वर ट्रॅकसूट. सराव संपल्यावर पिशवी घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि फाटकाकडे वळला. परवा पुन्हा सराव आहे. दारावर माझी पाळी आहे.